गाण्यासाठी सबवूफर घेताय? आधी एवढी तयारी करा

दोन चांगले स्पीकर आहेत, अ‍ॅम्प्लिफायर आहे, गाणं नीट वाजतंय, तरी खाली काहीतरी उणं वाटतं. असं झालं की माणूस सबवूफर (थोडक्यात सब), म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, शोधायला लागतो. शोधताना पुढ्यात येतं ते बहुतेक सगळं होम थिएटरचं: किती इंच, किती वॅट, सोफा कसा हादरतो. सिनेमातल्या स्फोटांसाठी ते ठीक आहे. गाण्यासाठी घेतलेला सब मात्र वाजतोय हे कळता कामा नये, आणि बंद केला की लगेच चुकल्यासारखं वाटायला हवं. माझी कसोटी ही एवढीच, आणि खालची सगळी तयारी तिच्यावर बेतलेली आहे. तिच्यातला मोठा भाग घरीच उरकायचा आहे. दुकानाची वेळ बरीच नंतर येते.

पहिलं काम म्हणजे तुम्ही खरोखर काय ऐकता ते कागदावर लिहा. ‘सगळंच ऐकतो’ हे उत्तर चालणार नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झला. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा खर्ज ११७च्या आसपास येतो. म्हणजे नुसता ख्याल ऐकणाऱ्याला फार खोल उतरायची गरज नाही. त्याला डग्ग्याचा घुमारा स्वच्छ हवा. बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५. सिनेसंगीत, जॅझ, रॉक किंवा सिंथवर बांधलेली आजची गाणी तुमच्या यादीत जास्त असतील, तर ३५-४०पर्यंत भक्कम उतरणारा सब बघा. आणि मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांवरच तुमचा जीव असेल तर पैसे ठेवून द्या. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं जे आपण ऐकतो ते ७८च्या तबकड्यांवरून आलेलं आहे. त्यात अगदी खाली संगीत जवळपास नाहीच, आहे ती घरघर. सब ती घरघर इमानेइतबारे मोठी करून ऐकवेल.

कान तयार करणं हेही यादीतच धरा. सांगली-मिरजेच्या लोकांना ते फुकट जमतं. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात एखादा मर्दानी तंबोरा जुळवत असतील तेव्हा शेजारी उभे राहा. कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे सरकवतो आणि एका ठिकाणी जवारी, म्हणजे तारेचा झणकारता नाद, उघडते. तेव्हा पितळी खर्जाकडे लक्ष द्या. छातीवर दणका वगैरे काही बसत नाही. स्वर खालून भरून येतो आणि ऐकू येतात ते बरेचसे त्याच्या वरचे स्वर. घरी सब लावल्यावर तंबोरा याहून जाड वाटला तर सब जास्त झाला आहे. डग्ग्याचंही तसंच. माईकशिवाय वाजणारा तबला हाताच्या अंतरावरून एकदा ऐका. मनगट सरकवून काढलेली मींड वरपासून खालपर्यंत सलग ऐकू येते, मध्येच फुगत नाही की मध्येच गायब होत नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीवर कान घडला असेल तर ही दुरुस्ती जास्तच गरजेची.

आता टेप काढा आणि खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही फुटांत. ५६५ला प्रत्येक आकड्याने भागा. १२ फुटांना ४७ हर्ट्झ येतात, १० फुटांना साडेछप्पन्न, १५ फुटांना साडेसदतीस. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी ज्या पट्टीला अडकून घुमतो ती ही पट्टी. तिन्ही आकडे वेगवेगळे आले तर नशीब चांगलं. आपल्याकडच्या जुन्या घरांत दहा बाय दहाची आणि तेवढ्याच उंचीची खोली सर्रास असते. तिथे तिन्ही घुमारे एकाच जागी येऊन बसतात आणि साडेछप्पन्नच्या आसपासचा प्रत्येक सूर अंगावर येतो. अशा खोलीत कितीही महागाचा सब आणा, बोंब तीच. शक्य असेल तर ऐकायची जागा दुसऱ्या, लांबट खोलीत हलवा. जाड पडद्यांनी काम भागेल असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, पडद्याला ती दादही देत नाही. विटांच्या भिंती आणि स्लॅब असलेल्या फ्लॅटमध्ये खालचे सूर आतच कोंडतात. गावभागातल्या जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी आणि दारं-खिडक्यांतून ते बरेच बाहेर निसटतात, त्यामुळे तिथे बास आवरायला सोपा पण लाकूड थरथरतं. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला चिकटून असेल तर ती दोन-तीन फूट सरकवता येईल का, हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. सब आल्यावर हा विषय काढला तर भांडण होतं.

त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर फिरवून त्याच्या पाठीचा फोटो काढा. ‘सब आउट’ किंवा ‘प्री आउट’ असं छापलेलं भोक दिसलं तर एक आरसीए केबल पुरते. नसलं तरी हरकत नाही, फक्त मग ज्या सबला हाय लेव्हल इनपुट आहे तोच घ्यावा लागतो. हा सब स्पीकरच्याच टर्मिनलवरून सिग्नल घेतो. त्याचा भार अ‍ॅम्प्लिफायरवर जवळपास पडत नाही, ताकद सबच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरची. ब्रिटनच्या आरईएल कंपनीने याच जोडणीवर नाव कमावलं आहे: लाल तार उजव्या प्लसला, पिवळी डाव्या प्लसला, काळी एखाद्या मायनसला. स्टिरिओसाठी मला ही पद्धत जास्त आवडते, कारण मुख्य स्पीकर आणि सब यांना एकाच अ‍ॅम्प्लिफायरचा सूर मिळतो. मात्र तुमच्याकडे हल्लीचा तळहाताएवढा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर असेल तर थांबा. त्यांपैकी बऱ्याच जणांत मायनसचं टर्मिनल ग्राउंडला नसतंच. काळी तार तिथे जोडली तर अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. मॉडेल नंबर सांगून सबवाल्या कंपनीला विचारा, ते नेमकी जोडणी सांगतात. आणि सबच्या पाठीवर एलएफई लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळू नका. तो सिनेमाचा वेगळा चॅनल आहे, दोन चॅनलच्या गाण्यात तो नसतोच.

तुमच्या मुख्य स्पीकरच्या माहितीपत्रकातला खालचा आकडाही त्याच कागदावर टिपून घ्या. पाच इंची बुकशेल्फ ५५-६०च्या आसपास दमतो, बरे टॉवर ४०पर्यंत जातात. सबने काम उचलायची जागा ती. ८०च्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, त्याच्यावर गेला की सबची जागा दिसायला लागते आणि गाणारा माणूस कोपऱ्यातून गातोय असं वाटतं.

पेटीचा प्रकार आता निवडा. बंद पेटीचा सब खाली जाताना हळूहळू उतरतो, अष्टकाला १२ डेसिबल. पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेसाठी भोक ठेवलेला, ठरावीक जागेपर्यंत जोर लावतो आणि मग २४ने कोसळतो. लहान खोली खालच्या सुरांना आपणहून थोडा उठाव देते, तो बंद पेटीच्या उताराशी बरा जुळतो. गाण्यासाठी बंद पेटी, हे माझं मत. उत्तम पोर्टवाले नसतात असं नाही. अमेरिकेची एसव्हीएस दोन्ही प्रकार बनवते, ऐकून ठरवा. आकाराचं गणित असं की तेवढ्याच आवाजात एक अष्टक खाली जायचं तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून लहान खोलीत ख्याल आणि भावगीतांसाठी आठ इंची चालतो, मोठ्या हॉलमध्ये बास गिटारसाठी दहा किंवा बारा लागतो. वॅटच्या आकड्यावर मी फार वेळ घालवत नाही. दुकानदार ‘काका, खिडक्या हलल्या पाहिजेत!’ असं म्हणाला तर हसून पुढच्या दुकानाकडे वळावं.

वायरमनला एकदा बोलावून अर्थिंग तपासून घ्या. सब स्वतःच वीज खातो, त्यामुळे अर्थिंगची गडबड सगळ्यात आधी त्याच्यातून ऐकू येते, ५० किंवा १०० हर्ट्झची सलग हम्म. सब आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. केबल टीव्हीची तार कुठे जोडलेली असेल तर तीही काढून बघा, पुष्कळदा चोर तीच असते. साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर सब बंदच ठेवा. वळवाच्या गडगडाटात पिन काढायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. कोणी परदेशातून आणून देतो म्हणालं तर पाठीवर २२०-२४० व्होल्ट छापलंय का ते पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. १२० व्होल्टचा सब आपल्या २३०वर टिकणार नाही.

वजनाचा विचार सांगलीत तरी करावाच लागतो. कृष्णाकाठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेले आहेत. सब जमिनीवर बसतो आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच पेटीत असतो. घाईच्या वेळी जिना चढवून नेता येईल एवढाच घ्या. बिघाडही बहुतेक त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच होतो. तेवढी प्लेट सोडवून दुरुस्तीला पाठवता येते की अख्खी पेटी पुण्या-मुंबईला न्यावी लागते, हे पावती करण्याआधी विचारा. मूळ खोका आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.

फ्लॅटमध्ये असाल तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना एकदा सांगून ठेवा, आणि सबखाली जाड रबर किंवा फोमचा थर घाला. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही, फरशीतून जाणारा बऱ्यापैकी कमी होतो.

ऐकायला पुण्याला किंवा कोल्हापूरला जाल तेव्हा स्वतःची चार-पाच ध्वनिमुद्रणं न्या: एक विलंबित ख्याल, एक तबला सोलो, बास गिटार स्पष्ट ऐकू येणारं एखादं गाणं, आणि एक नुसता आवाज, ज्यात खाली काहीच नाही. शेवटचं महत्त्वाचं. त्यात सब चालू-बंद करून फरक पडला तर क्रॉसओव्हर, म्हणजे सब कुठल्या सुरापर्यंत वाजेल ते ठरवणारं बटण, जास्त वर ठेवलेला आहे. दुकानाची खोली तुमची नाही, तेव्हा तिथे फक्त डग्ग्याची मींड सलग राहते का आणि सूर सुटल्यावर सब लगेच गप्प होतो का, एवढंच पाहा. घरी नेऊन ऐकायला देत असतील तर अनामत भरा पण ती संधी सोडू नका.

सब आला त्या दिवशी तो कोपऱ्यात ढकलून मोकळं होऊ नका. आधी तो तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बास गिटार खालीवर फिरतो असं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जा, कान सबच्या उंचीला ठेवून. एका ठिकाणी सूर फुगतो, दोन पावलांवर नाहीसा होतो, आणि कुठेतरी सगळे सूर सारखे ऐकू येतात. सब तिथे. मुलं हसतील, हसू द्या. मग गेन, म्हणजे सबच्या आवाजाचं बटण, मध्यावर, क्रॉसओव्हर तुमच्या स्पीकरच्या खालच्या आकड्यावर. फोनवर टोनचं अ‍ॅप घेऊन त्याच आकड्याच्या आसपासचा सूर लावा, तुम्ही खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी सबच्या पाठीवरचा फेजचा खटका (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारा) ० आणि १८०वर पाडायला सांगा. जिकडे आवाज भरीव तिकडे ठेवा. गेन आता शून्यावर आणून तिळातिळाने वाढवा, ऐकू यायला लागला की थोडा मागे. ती जागा त्या दिवशी कमी वाटेल, आठवडाभर हात लावू नका. बटणांचा फोटो काढा आणि सबच्या चारही कोपऱ्यांशी फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे लावा, कारण लादी पुसताना तो रोज दोन बोटं सरकतो.