तबेल्यातले उंदीर: आधी दाणा, मग सापळा, विष सगळ्यात शेवटी

तबेल्यात उंदीर येतो तो घोड्याच्या दाण्यासाठी. भरडलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, ओट, गूळ असं सगळं एका छपराखाली, वर लपायला गवताची गंज. हे तसंच ठेवून कितीही विष टाका, थोड्याच दिवसांत तेवढेच उंदीर पुन्हा दिसतील. मादी गाभण राहिल्यापासून साधारण ३ आठवड्यांत विते आणि एका वेताला ६ ते १० पिल्लं सहज होतात.

आधी कोण आहे ते ओळखा. छपराच्या वाशांवर आणि कैच्यांवर काळपट तेलकट पट्टा दिसला, तर वर चढणारा काळा उंदीर. जमिनीत बीळ आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस. लांब नाकाची चिचुंद्री किडे खाते, तिच्या मागे लागू नका. संध्याकाळी प्रत्येक बिळात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. सकाळी जो बाहेर फेकलेला दिसेल ते बीळ चालू. तिथे चुन्याची खूण करा. मातीची जमीन असेल तर ठाणात, म्हणजे घोडा बांधायच्या जागेत, पहारीने ठोकूनही पाहा. पोकळ आवाज आला तर खाली घुशीने पोखरलंय. तिथे खूर आत गेला तर पाय मोडू शकतो, म्हणून घोडा आधी दुसरीकडे बांधा.

आता दाणा, आणि खरं काम इथेच आहे. पोतं किंवा पातळ प्लास्टिकची टाकी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. घट्ट झाकणाचं पत्र्याचं पिंप घ्या, पण पूर्वी रसायन भरलेलं नको. २०० लिटरच्या पिंपात हरभरा साधारण १५० किलो बसतो. माथेरान-महाबळेश्वरसारख्या भरपूर पावसाच्या ठिकाणी दाणा उन्हात नीट वाळवूनच भरा, नाहीतर बंद पिंपात बुरशी धरते आणि घोड्याला पोटदुखी लागते. पिंप पूर्ण रिकामं करून, पुसून मगच नवा माल ओता.

संध्याकाळचा दाणा दिल्यावर तासाभराने गव्हाणीत उरलेला काढून घ्या, तोबरे (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशव्या) झटकून टांगा, खाली सांडलेलं झाडा. हे मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याच्या, रोजच्या कामात बसलं पाहिजे, कारण रात्रभर पडून राहिलेला मूठभर हरभराही उंदरांना पुरतो. गवत आणि पाणी मात्र रात्री काढू नका. घोड्याचं पोट रिकामं ठेवणं धोक्याचं आहे, आणि नुसत्या सुक्या गवतावर उंदराचं भागत नाही. गळका नळ तेवढा दुरुस्त करा. ज्या दाण्यात लेंड्या दिसल्या तो चाळून वापरू नका, टाकून द्या. त्यातून साल्मोनेला जंतूचा जुलाब होतो. गवतात मेलेला उंदीर सापडला तर भोवतालचं गवतही फेका. कुजलेल्या उंदरातून बॉट्युलिझमचं विष गवतात उतरतं आणि त्याने घोडा लुळा पडतो.

गवताची गंज जमिनीपासून दीड फूट उंच मचाणावर आणि भिंतीपासून तेवढीच दूर रचा. लीद रोज लांबच्या उकिरड्यावर न्या आणि ढीग आठवड्याला उलथा. भिंतीभोवती ३ फुटांचा पट्टा झाडोऱ्याशिवाय ठेवा. उघड्यावरून जायला उंदीर कचरतो.

अन्न तुटलं की सापळे चालतात. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष म्हणून सुकट, भाजलेलं खोबरं किंवा भजी. पहिल्या ३ रात्री चाप न लावता नुसतं आमिष ठेवा, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. मग सगळे एकाच रात्री लावा. ४-५ घोड्यांच्या तबेल्याला १०-१२ चाप हवेत. दोनच लावले तर उरलेले उंदीर शहाणे होतात. काळ्या उंदरासाठी चाप वाशांवर घट्ट बांधा, खाली पडला तर खुरात अडकेल. जमिनीवरचे चाप भोक पाडलेल्या लाकडी पेटीत ठेवा, ठाणात एकही नको.

विष लागलंच तर तबेल्याबाहेर, कुलपाच्या पेटीत. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं विष तिथेच राहतं. म्हणून दाण्यात कालवायची झिंक फॉस्फाइडची पूड इथे आणूच नका. पोटात तिचा विषारी वायू होतो आणि त्याला उतारा नाही. बिळात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही नकोत, तो वायू जमिनीतून वर ठाणात येतो. ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनची वडी त्यातल्या त्यात बरी, पण पेटीत तारेने ओवून ठेवा. सुटी वडी उंदीर उचलून थेट गव्हाणीत नेऊन टाकतो. तिचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. लगेच उंदीर मरत नाहीत म्हणून जास्त टाकू नका. मेलेले रोज सकाळी हातमोजे घालून उचला आणि खोल पुरा, नाहीतर कुत्रं, मांजर, घुबड त्यांना खाईल. घोड्याच्या पोटात वडी गेल्याची शंका आली तर पाकीट घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे.

सलग ४ रात्री कागदाचे बोळे जागचे हलले नाहीत, की मगच बिळं बुजवा. आधी बुजवली तर उंदीर आत मरून सडतात किंवा बाजूने नवं बीळ काढतात. बिळात जाळी कोंबून वर १:३ सिमेंट-वाळू भरा, तारेचं टोक बाहेर राहू देऊ नका. खिडक्यांना आणि मोरीला ६ मिलिमीटर छिद्राची जाळी, दाराच्या खालच्या कडेला फूटभर पत्रा.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धुरळा नाकात जातो. आधी पाण्याने भिजवा. ब्लीच वापरायचं तर घोड्याचं मूत आधी भरपूर पाण्याने धुऊन टाका. मुतातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की घातक वायू होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गमबूट हवेतच, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर तबेल्यात काम करता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. घोड्याचा डोळा पाणावला, मिटून राहिला किंवा धुरकट दिसला, तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा. याच रोगाने डोळा पुन्हा पुन्हा सुजून कायमचा जाऊ शकतो.