टेम्पररी ईमेल आणि ऑनलाइन पेमेंट: खरा पत्ता नेमका कुठून गळतो

"टेम्पररी मेल वापरा आणि बिनधास्त व्हा" असं सांगणाऱ्यांनी त्या मेलवर कधी रिफंड मागून बघितलेला नसतो, एवढं नक्की.

फुकट पीडीएफ, एकदाच लागणारा वायफाय, पुन्हा तोंड न बघायची साइट, यासाठी टेनमिनिटमेल किंवा मेलिनेटरचा तात्पुरता ईमेल पत्ता घ्या, कोड आला की टॅब बंद, विषय संपला. पण जिथे पैसे जाणार तिथे हे चुकूनही नको. मेलिनेटरच्या पब्लिक इनबॉक्सला पासवर्डच नसतो, नाव टाकलं की कोणीही उघडून वाचू शकतं. म्हणजे तुमची पावती, घरचा पत्ता सगळं चव्हाट्यावर, आणि कोणी "पासवर्ड विसरलात?" दाबलं तर रीसेटची लिंकसुद्धा तिथेच येणार.

पैशाच्या ठिकाणी एलियस लागतो, म्हणजे खऱ्या इनबॉक्सकडे मेल फॉरवर्ड करणारा वेगळा पत्ता. फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन, डकडकगो यातलं काहीही चालेल, ॲपलवाल्यांकडे हाइड माय ईमेल आहेच. प्रत्येक दुकानाला वेगळा एलियस द्या, म्हणजे स्पॅम आला की कोणी पत्ता विकला किंवा कुठून फुटला ते लगेच कळतं. जीमेलमध्ये नावापुढे प्लस लावून शब्द जोडायची ट्रिक अजून लोक सांगत फिरतात, ती मेल लावून ठेवायला बरी आहे, लपवायला शून्य, कारण प्लसपासून पुढचं खोडलं की तुमचा खरा पत्ता समोर.

आता खरी गोची, चेकआउटचं म्हणजे पैसे भरायचं पान. इथे मी बराच काळ डोकं आपटलंय. अकाउंट एलियसवर, लॉगिन एलियसवर, आणि तरी आठवड्याभरात त्याच दुकानाच्या जाहिराती खऱ्या इनबॉक्समध्ये हजर! असं का होतं तर तुम्ही शिपिंगच्या रकान्यात नावाचं पहिलं अक्षर टाकता, ब्राउझरने सुचवलेलं नाव निवडता, मग त्याचं ऑटोफिल (सेव्ह केलेली माहिती आपोआप भरणारी सोय) एका झटक्यात नाव, पत्ता, फोन भरतं आणि ईमेलच्या रकान्यात एलियसऐवजी खरा ईमेल बसवू शकतं, आपलं लक्ष तोपर्यंत कार्ड नंबरकडे गेलेलं असतं. म्हणून पैसे भरण्याआधी वर स्क्रोल करून ईमेलचा रकाना परत वाचायचा, दर वेळी. त्याहून चांगलं म्हणजे ऑटोफिलमध्ये सेव्ह केलेला ईमेलच उडवून टाका.

दुसरी गळती एक्सप्रेस चेकआउटच्या बटणाची. पेपालने पैसे दिले की कार्ड नंबर दुकानाला दिसत नाही हे खरं, पण पेपाल अकाउंटचा ईमेल आणि नाव मात्र जातं. ॲपल पेमध्येही कार्डाच्या जागी वेगळा डिव्हाइस नंबर जातो, पण दुकानाने संपर्काचा ईमेल मागितला असेल तर तो पेमेंटच्या स्क्रीनवरच दिसतो, तिथे टॅप करून बदला. नाहीतर दार मोकळं आणि मोरीला बोळा!

तिसरी कस्टमर केअरची. तक्रार करायला आपण नवीन मेल लिहितो, तो खऱ्या पत्त्यावरून जातो आणि वर त्यांना त्या पत्त्यावर ऑर्डरही सापडत नाही. एलियसवर आलेल्या मेललाच रिप्लाय करायचा, म्हणजे तो एलियसवरूनच जातो, आणि मेलखाली आपोआप लागणारी सही काढून. ही सोय काही सर्व्हिसेस पैसे घेऊनच देतात, रिले त्यातलीच, तेव्हा ते आधी तपासा.

कार्डाचं सोपंय. बँक व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे फक्त ऑनलाइन वापरायचा वेगळा कार्ड नंबर, देत असेल तर ते वापरा, लिमिट लावा, कार्ड दुकानाच्या साइटवर सेव्ह करू नका. फक्त कार्ड बंद केलं म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द झालं असं समजू नका, ते वेगळं रद्द करावं लागतं, थकबाकी तुमच्या नावावर उभी राहू शकते. जिथे काउंटरवर तेच कार्ड दाखवा म्हणतात, हॉटेल वगैरे, तिथे एकदाच चालणारं कार्ड नको. आणि बँकेला सगळं दिसतंच, ते यातल्या कशानेही लपत नाही.

बँक, टॅक्स, दवाखाना यांना सरळ खरा ईमेल द्या, तिथे एलियसची हौस नको, उद्या ती सर्व्हिस बंद पडली तर निस्तरत बसाल. बाकी दुकानांचे एलियस रिटर्न आणि वॉरंटीची मुदत संपेपर्यंत चालू ठेवा, मग बंद करा, पण डिलीट नको, कारण जुनी पावती मागवायची वेळ आली तर तोच पत्ता परत चालू करावा लागतो.