जुन्या शेवी पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आहे तो ठेवायचा की ओव्हरड्राइव्ह टाकायचा

इथे अमेरिकेत स्वतःचं गॅरेज झालं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना एखादी जुनी पिकअप घेऊन नीट करावीशी वाटते, आणि बहुतेक वेळा ती १९७३ ते ८७ मधली शेवी, म्हणजे शेव्हरोले, निघते, जिला सगळे स्क्वेअर बॉडी म्हणतात ती. पार्ट अजून सगळे मिळतात, बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंना आरामात हात जातो, आणि साध्या पान्यांनी निम्म्याहून जास्त काम होतं. माझी ७८ ची सी१०, म्हणजे त्यातलंच एक मॉडेल, आहे, ३५० इंजिन म्हणजे ५.७ लिटरचं व्ही८, आणि त्याला टीएच३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. खालचं सगळं अशाच गाडीबद्दल आहे, फोर्ड आणि डॉजचे गिअरबॉक्स पूर्ण वेगळे.

गिअरबॉक्सवर खर्च करायच्या आधी पत्रा आणि ब्रेक बघा. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि विंडशील्डच्या वरची कड, या गाड्या इथेच गंजतात. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर तिथे नुसता रंग उरलाय. चेसिस पोखरलेली असेल तर ती गाडी सोडून द्या, दुसरी मिळेल. ब्रेकचे रबरी होज आणि पेट्रोलचे होज न विचारता बदला, कारण जुनं रबर आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये टिकत नाही. आणि या पिकअपच्या पेट्रोलच्या टाक्या चेसिसच्या बाहेरच्या बाजूला आहेत, बाजूने धडक बसली तर आगीचा धोका, यावर इथे कोर्टकचेऱ्या सुद्धा झाल्यात, त्यामुळे जमेल तेव्हा टाकी मागे चेसिसच्या मध्ये घ्या, त्याचे तयार किट मिळतात. मी गिअरबॉक्सच्या आधी हेच करा म्हणेन.

आता गिअरबॉक्स. तो खरंच गेलाय का हे आधी ठरवा. गाडी गरम करून, इंजिन चालू, पार्कमध्ये, सपाट जागेवर डिपस्टिक काढा आणि ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टिपा. लालसर असेल तर छान. तपकिरी आणि जळका वास आला तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळलेत. चमकणारे धातूचे कण दिसले तर मग उघडण्याशिवाय पर्याय नाही. पण एक गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे व्हॅक्यूम मॉड्युलेटर. टीएच३५० च्या मागच्या भागात, पॅसेंजरच्या बाजूला डब्यासारखा छोटा पार्ट असतो, त्याला इंजिनकडून एक बारीक रबरी नळी येते. ती नळी काढा आणि आत बघा, लाल ऑइल दिसलं तर आतला पडदा फाटलाय, इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि गिअर पण उशिरा आणि झटक्याने पडतायत. हा पार्ट एका बोल्टवर आहे, स्वस्त आहे, गाडीखाली झोपून लगेच बदलता येतो. धूर बघून इंजिनच उतरवायला सांगणारे मेकॅनिक भेटतात, त्यांचं ऐकायच्या आधी ही नळी बघाच.

समजा गिअरबॉक्स खरंच गेलाय. तर दुसरा कुठला घ्यायचा हे शोधायच्या आधी मागच्या ॲक्सलचा रेशो काढा, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) किती वेळा फिरतो तो आकडा, सगळा निर्णय त्यावर आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतं, त्यावर कोड असतात, जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. स्टिकर गेलं असेल किंवा ॲक्सल बदललेला असायची शंका असेल तर पुढच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावा, मागचं एक चाक उचलून स्टँडवर घ्या, दुसरं जमिनीवरच राहू द्या, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवून प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा, पावणेचारच्या आसपास फिरला तर ३.७३, तीनच्या थोडा पुढे गेला तर ३.०८. साधा डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग) असेल तरच हे जमतं, लॉकिंगवाला असेल तर एकटं चाक फिरणारच नाही.

याचा उपयोग असा की टीएच३५० ला तीनच गिअर आहेत, २.५२, १.५२ आणि तिसरा सरळ १.००. मागे ३.७३ आणि २९ इंची टायर असतील तर ७० मैलांच्या स्पीडला इंजिन ३००० आरपीएमवर ओरडत असतं, रेडिओ ऐकू येत नाही आणि पेट्रोलचा काटा डोळ्यादेखत खाली येतो. ७००आर४ ला चार गिअर आहेत, ३.०६, १.६३, १.०० आणि वर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे असा गिअर की ज्यात इंजिन प्रोपेलर शाफ्टपेक्षा हळू फिरतं, त्यामुळे त्याच स्पीडला तेच इंजिन साधारण २१०० वर येतं. मागे ३.०८ असेल तर टीएच३५० वरच ७० ला २५०० लागतात, जे चालण्यासारखं आहे, पण सिग्नलवरून उठताना गाडी जड वाटते. तिथे ७००आर४ चा पहिला गिअर कामाला येतो, ३.०६ गुणिले ३.०८ आणि २.५२ गुणिले ३.७३, दोन्हीचं उत्तर जवळजवळ तेच येतं, ९.४. म्हणजे ॲक्सलला हात न लावता ३.७३ वाल्या गाडीसारखी उठणार आणि हायवेवर १७५० आरपीएमवर चालणार. फक्त ट्रेलर मागे असेल तर ओव्हरड्राइव्हमध्ये ओढू नका, लिव्हर तिसऱ्यावर ठेवा.

माझं मत सरळ आहे. गाडी गावातल्या गावात फिरणार असेल तर टीएच३५० रिबिल्ड करा आणि विषय संपवा, साधा आणि दणकट गिअरबॉक्स आहे, कुठलाही जुना मेकॅनिक उघडतो. जड ट्रेलर ओढायचा असेल तर टीएच४००, तो अजून मजबूत, पण जास्त जड, किकडाउन (ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडणं) विजेच्या वायरवर चालतं, आणि मागचा योक (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये जाणारं टोक) ३२ स्प्लाइनचा म्हणजे दात्यांचा, टीएच३५० चा २७ चा बसत नाही. हायवेवर रोजचं जाणं असेल तर ७००आर४, आणि शक्यतो १९८७ नंतरचा, सुरुवातीचे १९८२ पासूनचे जरा नाजूक होते. २००-४आर हा चौथा पर्याय लोक विसरतात, ओव्हरड्राइव्ह ०.६७ चा, लांबी छोट्या शेपटीच्या (मागचा निमुळता भाग आखूड असलेल्या) टीएच३५० एवढीच, त्यामुळे बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, पण कंपनीतून आलाय तसा पिकअपच्या कामाला कमी पडतो, मजबूत करून घ्यावा लागतो. ४एल६०ई आणि ४एल८०ई हे कॉम्प्युटरवाले. कार्ब्युरेटरच्या इंजिनला ते लावायचे तर वेगळा कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर घ्यावा लागतो, नवं एलएस इंजिन (जीएमचं कॉम्प्युटरवर चालणारं नंतरचं व्ही८) टाकणार असाल तरच तिकडे जा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा की १९७६ पासूनच्या गाड्यांना तिथे स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, आहे, काही बदलायच्या आधी नियम वाचा.

काढणं आणि बसवणं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी चार भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. प्रोपेलर शाफ्ट, कूलरचे पाइप, स्पीडोमीटरची केबल, किकडाउन केबल, लिव्हरची लिंक आणि स्टार्टर काढा, मग खालचं झाकण काढून फ्लेक्सप्लेटला (इंजिनच्या मागची पातळ चकती) टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) धरणारे तीन बोल्ट. इंजिनला मागून आधार द्या, गिअरबॉक्सखाली ट्रान्समिशन जॅक लावा, मग क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) आणि शेवटी बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडलेला पुढचा रुंद भाग) बोल्ट. शंभर पौंडांच्या वरचं धूड आहे, छातीवर घेऊन उतरवायचा शहाणपणा नको. ७००आर४ बसवताना क्रॉसमेंबर मागे सरकतो, आणि आधीचा टीएच३५० छोट्या शेपटीचा असेल तर शाफ्ट सुमारे ३ इंच कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो, योक मात्र तोच चालतो.

बसवताना टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसलाय ना, हे बघायला भरपूर वेळ द्या. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा, टप्प्याटप्प्याने खट खट करून आत जातो. बेलहाउसिंग इंजिनला हाताने चिकटलं पाहिजे आणि मग कन्व्हर्टर मोकळा फिरून फ्लेक्सप्लेटपासून साधारण १/८ ते ३/१६ इंच लांब राहिला पाहिजे. ही फट नसेल आणि बोल्ट आवळून ओढून घेतलं तर पंप फुटलाच. कूलरचे पाइप धुऊन घ्या, जुना गिअरबॉक्स जळलेला असेल तर त्याचा सगळा कचरा रेडिएटरमधल्या कूलरमध्ये बसलेला असतो, वेगळा कूलर पण लावा.

७००आर४ ला टीव्ही केबल असते, थ्रॉटल व्हॉल्व्हची. ती नुसती किकडाउनची नाही, आतलं प्रेशर तीच ठरवते, आणि ती ढिली राहिली तर नवाकोरा गिअरबॉक्स बघता बघता जळतो. लॉकचं बटण दाबून ॲडजस्टर पूर्ण मागे सरकवा, बटण सोडा आणि कार्ब्युरेटर हाताने फुल उघडा, कट कट करत ती स्वतः सेट होते. फुल थ्रॉटलला केबल पूर्ण ताणली गेलीच पाहिजे. होली किंवा एडलब्रॉक कार्ब्युरेटर असेल तर केबल जिथे अडकते त्याची जागा चुकते, त्यासाठी वेगळं ब्रॅकेट मिळतं, ते घ्याच. केबल न लावता गल्लीच्या टोकापर्यंत सुद्धा गाडी नेऊ नका. कन्व्हर्टरच्या लॉकअपची (कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडून ठेवणारी सोय) वायरिंग पण करा, त्याशिवाय ओव्हरड्राइव्हमध्ये ऑइल फार तापतं.

सुरू करायच्या आधी ४-५ क्वार्ट ऑइल घाला, डेक्सरॉनचं, मग इंजिन चालू करून लगेच अजून घालत राहा, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ ठेवा आणि डिपस्टिक बघत भरा. जास्त भरलं तर फेस होतो, ते कमी असण्याइतकंच वाईट. पहिली चक्कर घराजवळ मारा, परत येऊन पॅन आणि पाइपचे जोड कोरड्या फडक्याने पुसून ओल दिसते का बघा, आणि साधारण ५०० मैलांनी पॅन उतरवून फिल्टर बदला. पॅनमध्ये बारीक राखाडी गाळ दिसला तर घाबरू नका, नवे क्लच बसताना तो येतो, धातूचे तुकडे दिसले तर मात्र गाडी तिथेच थांबवा.