‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ : परदेशाहून आणलेल्या फोनवर ॲप कसं मिळवावं

दुबई-मस्कतहून किंवा जर्मनीहून विट्याला, कराडला परतलेल्यांना हा पेच हमखास पडतो. सिम इथलं घातलं, घरचं वायफाय जोडलं, तरी आपल्या बँकेचं ॲप प्ले स्टोअरमध्ये सापडत नाही. याचं कारण बहुतेक वेळा फोनमध्ये नसतं, गुगल खात्यात असतं. खात्यावर देश अजून तिकडचाच असतो आणि सिम बदललं म्हणून तो बदलत नाही.

आधी संदेश नीट वाचा. ॲप ‘डिव्हाइसशी कम्पॅटिबल नाही’ असं लिहिलं असेल तर देशाचा संबंध नाही. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असेल, सिस्टम अपडेट बघा.

देशाचाच प्रश्न असेल तर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या प्रोफाइल चित्रावर टिचकी मारा. सेटिंग्ज, जनरल, अकाउंट अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस असं जात ‘कंट्री अँड प्रोफाइल्स’ला या. तिथे भारत निवडा आणि इथलं कार्ड किंवा पैसे भरण्याचा दुसरा इथला मार्ग जोडा. बदल दिसायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. देश वर्षातून एकदाच बदलता येतो, म्हणून महिनाभराच्या सुट्टीवर आला असाल तर हे करूच नका. जुन्या देशातली गुगल प्लेची शिल्लकही इथे वापरता येत नाही. गेल्या वर्षभरात प्लेच्या फॅमिली ग्रुपमध्ये सामील झाला असाल तर देश बदलता येत नाही. सुट्टीवाल्यांनी इथे नवं गुगल खातं काढून ते प्ले स्टोअरमध्ये जोडावं आणि ॲप त्या खात्यातून घ्यावं.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपलं नाव, मग ‘मीडिया अँड पर्चेसेस’, ‘व्ह्यू अकाउंट’, ‘कंट्री/रीजन’. आधी शिल्लक संपवावी लागते आणि सबस्क्रिप्शन बंद करून त्याची मुदत संपू द्यावी लागते.

एवढं करूनही जमलं नाही की कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल, पाठवतो. ती उघडू नका. आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, पीएम किसान अशा नावांनी फिरणाऱ्या एपीके फायलींनी अनेकांची खाती रिकामी केली आहेत. अशी फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी थेट चोराकडे जातो. चुकून उघडली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

काही ॲप कोणत्याही सेटिंगने मिळणार नाहीत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. कधी कंपनीच थांबते : इन्स्टाग्रामवाल्या मेटा कंपनीचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये भारतात आलं, पण नियमांच्या अडचणीमुळे युरोपीय संघात डिसेंबरमध्ये पोचलं.

माहितीच्या संरक्षणाचा कायदा नागरिकत्वावर ठरत नाही. मिरजेची नर्स जर्मनीत असेल तर तिथे तिला २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरचं, म्हणजे युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण कायद्याचं, संरक्षण मिळतं. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्याही त्याच्या कक्षेत येतात. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेतच. त्यांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क कंपनीच्या संकेतस्थळावर असायला हवा. मेल करताना खात्याचा नंबर, तारीख आणि नेमकी तक्रार काय, कोणत्या माहितीबद्दल आहे ते लिहा, आणि मेलची प्रत जपून ठेवा.

ॲप घेताना प्ले स्टोअरवरची ‘डेटा सेफ्टी’ची माहिती वाचा, पण ती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते. खरी कसोटी परवानग्यांची. कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट्स किंवा गॅलरी मागितली तर तिथेच थांबा, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्याला ती मागताच येत नाही.