जपानमध्ये शिकायला चाललात? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून निघालेल्या मुलांच्या बॅगेत गोडा मसाला असतो, मेतकूट असतं, कुकर असतो, आईने भरून दिलेली औषधांची पिशवी असते. राहून जातो तो कामांचा क्रम. इथली सुरुवातीची कामं एकमेकांत अडकलेली असतात, पहिलं लांबलं की मागची सगळी खोळंबतात. गेली काही वर्षं नव्या मुलांसोबत मी वॉर्ड ऑफिसात जाते. दर एप्रिलला आणि दर ऑक्टोबरला गाडी त्याच ठिकाणी अडते.

‘आधी जरा स्थिरस्थावर होऊ, मग पत्ता नोंदवू’

नारिता, हानेदा किंवा कान्साईला उतरलात की विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड, म्हणजे इथल्या वास्तव्याचं ओळखपत्र, हातात पडतं. पण त्यावर तुमचा पत्ता नसतो. राहायची जागा पक्की झाल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जायचं, मग तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापून मिळतो. तो छापील पत्ता नसेल तर फोनचं कनेक्शन आणि बँकेचं खातं दोन्ही अडतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात जा.

त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा काढून घ्या. विमा असला की दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच तुम्हाला भरावे लागतात. वय २० पूर्ण असेल तर पेन्शन योजनेत भरायच्या हप्त्याचंही विचारा. त्याचं पाकीट घरी आलं की मुलं न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतात आणि दरमहा १७-१८ हजार येनची रक्कम थकत जाते. विद्यार्थ्यांना हप्ता पुढे ढकलायची सवलत आहे, पण तिच्यासाठी अर्ज करावा लागतो.

१४ दिवस उलटून गेले असतील तर घाबरून घरी बसू नका, आजच जा. उशीर झाला म्हणून टाळत राहिलात आणि ९० दिवस गेले, तर व्हिसाचा दर्जाच रद्द होऊ शकतो.

नावाचा घोळ

हा खास आपला प्रश्न. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं नावही असतं, आणि रेसिडेन्स कार्डावर ते सगळं तसंच्या तसं येतं. बँकेत मात्र नाव काताकाना या जपानी लिपीत लिहावं लागतं. त्या लिपीत ‘ल’ आणि ‘र’ला एकच अक्षर, त्यामुळे कुलकर्णीचं ‘कुरुकारुनि’ होतं. ते कोणी ‘कुरुकारुनी’ असं शेवटी लांबवून लिहितं, कोणी वडिलांचं नाव गाळतं. माझ्या बँकेच्या खात्यात वडिलांचं नाव होतं, कॉलेजच्या फॉर्मवर मी ते लिहिलं नव्हतं. कॉलेजकडून आलेले पहिले पैसे परत गेले आणि मिळायला तीन आठवडे लागले. तो महिना मी भात आणि अंड्यांवर काढला. विमानात बसण्याआधीच कार्डावर येणारं पूर्ण नाव काताकानात एका कागदावर लिहा, जाणकाराकडून तपासून घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक फॉर्मवर अक्षर न अक्षर तेच उतरवा.

बँकेने नकार दिला तर कारण विचारा. येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका पूर्ण सुविधांचं खातं देत नाहीत. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला कुठली शाखा नव्या मुलांना खातं देते ते ठाऊक असतं. तोवर महिना-दीड महिना घरच्या पैशांवर निघेल असा हिशोब करूनच या. जपान सरकारची शिष्यवृत्ती असली तरी पहिला हप्ता उतरल्या दिवशी मिळत नाही.

पार्टटाइम

स्टुडंट व्हिसावर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय काम करता येत नाही. पहिल्यांदा येताना तिचा अर्ज विमानतळावरच देता येतो, तो जरूर द्या. मर्यादा आठवड्याला २८ तास, आणि दोन ठिकाणी काम केलंत तर दोन्हीकडचे तास मिळून. मालक ‘चालेल, ये’ म्हणाला तरी पुढे व्हिसाचं नूतनीकरण तुमचंच अडतं.

बॅग, ओटा आणि कचरा

लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरती आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती आणता येतात. जास्त हवी असतील तर निघण्याआधी जपानच्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी घ्या. सर्दीच्या गोळ्यांवरचे घटक नीट वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी इथे बेकायदा आहे. ताजा कढीपत्ता आणि हापूसचे आंबे बॅगेत टाकू नका, सुके मसाले आणा.

मिक्सर घरीच ठेवा. इथली वीज १०० व्होल्टची, त्यावर आपल्या मिक्सरमध्ये चटणी वाटली जात नाही. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच खोल्यांत इंडक्शनची शेगडी असते आणि त्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनला चालणारा स्टीलचा कुकर घ्या. भिंती पातळ असतात, तेव्हा रात्री दहानंतर शिट्ट्या नकोत. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मिसो सूपच्या पाण्यातही बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून ‘दाशी’, म्हणजे सूपचं हे पाणी, कसली आहे ते विचारा.

कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्ड ऑफिसातच मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. बाटलीचं झाकण आणि वेष्टण काढायचं, बाटली धुवायची आणि ठरलेल्या दिवशी सकाळी ठेवायची. कचरा नीट वेगळा केला नाही म्हणून तुमच्या पिशवीवर स्टिकर लावून ती तिथेच सोडलेली दिसली तर तिथे राहू देऊ नका. वर आणा, वेगळं करा आणि त्या कचऱ्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा ठेवा. स्टिकरवरचं वाचता येत नसेल तर फोटो काढून शेजाऱ्यांना दाखवा. मी शेजारच्या आजींना दाखवला होता, त्यांनी माझी पिशवी उघडून एकेक वस्तू वेगळी करून दाखवली.