रान तोडायला देताय? धनेशाच्या ढोलीबाबत या चुका टाळा

कोकणातली खासगी रानं ठेक्यावर तुटतात ती पावसाळा सरल्यापासून पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत. धनेश (हॉर्नबिल) हा पक्षी झाडाच्या पोकळीत, म्हणजे ढोलीत, घरटं करतो; त्याची वीणही त्यातच येते, साधारण फेब्रुवारी ते मे. दर वर्षी त्याच चुका बघून आता संताप येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तोडीआधीच्या पाहणीत दहा मिनिटं झाडाखाली उभं राहून 'ढोली रिकामी' लिहून मोकळं होणं. मादी आत शिरली की विष्ठा आणि फळांच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते. उरते फक्त एक उभी, अरुंद फट. आत तिची उडायची पिसं गळतात. नर फळं घेऊन येतो, पण दोन खेपांमध्ये तासभर सहज जातो. सावंतवाडीकडच्या एका रानात मार्चमध्ये अशीच घाईची पाहणी झाली. पाहणी करणाऱ्या हौशी मुलांनी ढोलीच्या बेहड्यावर राखायची खूण केली नाही आणि ठेकेदाराने तो आडवा केला. मी पोचलो तेव्हा लिंपण खापरांसारखं फुटून पडलं होतं. पिल्लू मेलेलं, मादी पाचोळ्यात खुरडत होती. नर शेजारच्या किंजळीवर बसलेला, घशातली उंबरं तशीच.

'वेळ नव्हता' हे कारण मी ऐकून घेत नाही. मी आधी बुंध्याशी बघतो: ताजी विष्ठा, बिया, त्या बियांची उगवलेली रोपं. मग समोरच्या उतारावर, लांब, उजाडल्यापासून दुपारपर्यंत बसतो. ड्रोन उडवून पटकन बघू म्हणणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

'पोकळ झाडाचं लाकूड निघत नाही, तेच आधी काढा' हेही नेहमीचंच. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडात कुजून झालेली ढोलीच लागते, आणि जमली तर तो वर्षानुवर्षं तीच वापरतो.

ढोलीचं एकच झाड राखून भोवताल सपाट करू नका. वड, उंबर, पायर ही त्याच्या फळांची झाडंही राखा. तुटलेल्या रानाची भरपाई अकेशियाने किंवा रबराने होत नाही. ढोलीखाली कॅमेऱ्यांची गर्दी नको.

१९६४ च्या वृक्षतोड कायद्याखालची परवानगी म्हणजे घरटं मोडायची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या घरट्याला धक्का लावणं शिकारीतच धरलंय.

राखायची झाडं नंबर घालून ठेक्याच्या कागदावरच लिहून घ्या. नुसतं तोंडी सांगाल, तर दुसऱ्या दिवशी तोडणारी माणसं बदललेली असतात.