मेल उघडायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरची तयारी

मेलमधून व्हायरस घुसून घरच्या फाईली जाऊ नये म्हणून हे सगळं. पहिले लाईनचं पाहा. अपडेट अर्ध्यात असताना लाईन गेली की विंडोज चालू व्हायलाही नखरे करते, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर रात्री जेवणं आटोपल्यावर बसा, अन् नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं असेल तर डेटा शिल्लक आहे का तेही बघा, एक मोठं अपडेट दिवसाचा दीड जीबी एका बैठकीत खाऊ शकते. विंडोज १० वाल्यांनो, तुमचे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. मशीनवर ११ बसत असेल तर टाका, नसेल बसत तर वाढीव अपडेटची नोंदणी करा, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. अन् गावातल्या कोण्या पोट्ट्यानं पेनड्राईव्हमधून क्रॅक मारून फुकटचं विंडोज टाकून दिलेलं असेल तर बाप्पा, त्यात काय काय सोबत आलं ते त्यालेही माहीत नसते.

अँटिव्हायरस म्हणाल तर विंडोजसोबत डिफेंडर येतेच, ते चालू आहे का पाहा, बस. विकतचं घेतलं असेल तर एकच ठेवा.

आता खरं काम. कोणतंही फोल्डर उघडा, वरच्या व्ह्यू मेनूत जा (विंडोज ११ असेल तर त्यातच पुढं शो), फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, म्हणजे फाईलच्या नावाचं शेपूट दिसते. हे काहून सांगतो तर गेल्या दिवाळीत माझ्या लहान भावानं मेलमधलं वीजबिल उघडलं, चिन्ह पीडीएफचं, नावात पीडीएफ, पण खरी फाईल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम होती अन् विंडोज शेवटचं ईएक्सई लपवूनच दाखवते. ही युक्ती काही नवी नाही, मे २००० मध्ये आय लव्ह यू व्हायरस असाच जगभर फिरला, टीएक्सटीच्या मागं व्हीबीएस (तोही प्रोग्रामच) लपलेलं, अन् ज्यानं उघडलं त्याच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर तो स्वतःच मेल पाठवायचा. म्हणून मेल ओळखीच्या माणसाचा आहे एवढ्यावर जाऊ नका, आधी त्याला फोन लावून विचारा. झिप फाईल अन् तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये असला तर सरळ डिलीट, कुलूप लावलेली झिप मेलवाल्याच्या स्कॅनरला आतून तपासता येत नाही, म्हणूनच तसं पाठवतात. वर्ड-एक्सेलची फाईल उघडली अन् पिवळी पट्टी एनेबल कन्टेंट म्हणत असेल तर तेही दाबू नका.

घरात एकच कॉम्प्युटर अन् हात पाच जणांचे, तर अ‍ॅडमिनचं लॉगिन (ज्यातून काहीही टाकता-बदलता येते ते) एकाकडेच ठेवा, बाकीच्यांना स्टँडर्ड अकाउंट करून द्या. पोरगं दोन दिवस चिडते, मग विसरते. मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशनही (पासवर्डनंतर दुसरी खातरजमा) आजच लावून टाका.

कॅलेंडरच्या मागं एक कागद चिकटवा: गडबड दिसली की आधी हॉटस्पॉट बंद, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायचे, बँकेतून पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन. आमच्याकडे असा कागद नव्हता, भाऊ अर्धा तास नुसता माऊस हलवत बसला अन् तेवढ्यात सातबारे, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या, बहिणीच्या लग्नाचे फोटो त्या ईएक्सईनं सगळे लॉक केले, एकही उघडेना.

अन् बॅकअप होता बरं का! एक टीबीची हार्डडिस्क, पण ती मशीनच्या मागं सहा महिन्यांपासून लावलेलीच होती म्हणून तिच्यातलंही गेलं. सातबारे परत काढले, फोटो कुठून काढणार. तर हार्डडिस्क लावा, कॉपी करा, लगेच काढा, महिन्यातून एकदा, अन् फार जपायचं ते गूगल ड्राईव्हवरही टाका. आमची आता आईच्या कपाटात खतांच्या बिलांच्या पिशवीत असते, मागायला गेलो की आई विचारते, "कायले पायजे रे, मांगच्या महिन्यात तर नेली होती?"